एका सहीचा वेळ

"हात सैल सोड. रेघ घाबरत नसते बाळा, घाबरतो आपण."

सातव्या वर्षी कानाशी ऐकलेला हा बाबांचा आवाज. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर ती, पाठीशी बाबा, तिच्या मुठीवर त्यांची मूठ आणि मुठीत ब्रश. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मोठं अक्षर असलं की आधी कागदावर काढायचे, रेघेरेघेवर टाचणीनं भोकं पाडायचे. तो कागद पाटीवर धरून खडूच्या पुडीची पुरचुंडी त्यावर हलकेच आपटायची. कागद उचलला की पाटीवर नुसते पांढरे ठिपके. "हा खाका. आता ठिपक्यांचा हात धरून चालायचं," बाबा म्हणायचे.

आज बँकेतल्या काचेच्या टेबलासमोर, बाबांच्या शेजारी बसली असताना तिला तो आवाज आठवत होता.

घराच्या कर्जाचा अर्ज दिल्याला त्रेचाळीस दिवस झाले होते. "पंधरा दिवसांत होऊन जातं," असं सांगितलं होतं पहिल्या दिवशी. घर विकणाऱ्यानं पंचेचाळीस दिवस थांबायचं कबूल केलं होतं. परवा ते संपणार होते. राहती भाड्याची खोली महिनाअखेर सोडायची होती. तिच्या एकटीच्या पगारावर कर्ज बसत नव्हतं, म्हणून अर्जावर बाबांचीही सही होती.

पहिला अर्ज नवव्या दिवशी परत आला. बाबांची सही बँकेतल्या जुन्या सहीशी जुळत नव्हती. "नवं पेन मेलं, सरकतं," बाबा म्हणाले. दुसरा अर्ज घेऊन ते आतल्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि बऱ्याच वेळानं चार पानांवर सह्या करून बाहेर आले. कागदाच्या कडेला निळ्या खडूची पूड होती. तिनं फुंकून टाकली. पेंटरच्या घरात खडू कुठे नसतो?

मग नुसती वाट. सकाळ सरली की दुपारची, दुपार सरली की फोनची. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर परक्यांचे हात हातात घ्यायचे, शीर शोधायची, "घाबरू नका हं" म्हणायचं. पण खिशातला फोन वाजला की तीच घाबरायची.

"एवढा वेळ लागतो तरी कशाला यांना?" ती रोज चिडायची.

"बँकेची फाइल म्हणजे ऑइलपेंट गं," बाबा हसायचे. "वाळला वाटतो, बोट लावलं की चिकटतो." असं म्हणायचे आणि दोन्ही हात खिशात घालायचे. त्यांचा चहा मात्र ती उठून जाईपर्यंत तसाच निवत असायचा.

काल बँकेचा फोन आला होता. "दोघंही या. ओळखपत्रं घेऊन." आवाज कोरडा होता.

कर्ज विभागातल्या बाईंनी दुसऱ्या अर्जाची चार पानं समोर मांडली. चारही पानांवर बाबांची सही. मग त्यांनी पानं एकावर एक ठेवली आणि दिव्यासमोर धरली. चार सह्यांची एकच सही दिसत होती.

"माणसाच्या दोन सह्या अशा तंतोतंत सारख्या येत नाहीत," बाई म्हणाल्या. "ही सही कुणीतरी उतरवलेली आहे. अर्ज इथे कुणी आणून दिला?"

"मी," ती म्हणाली.

"मग हे प्रकरण मला वर पाठवावं लागेल. एकदा बनावट सहीचा शिक्का बसला, की कुठलीच बँक तुम्हाला दारात उभं करणार नाही. पोलिसांचंही वरचेच ठरवतील."

घर गेलं, नाव गेलं, उद्या नोकरीही जाईल. ती बाबांकडे वळली. "बाबा, सांगा ना यांना. इथेच करून दाखवा एक सही. एकच."

बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. वर पेन ठेवलं.

बाबा हलले नाहीत. हात खिशातच. कागदाकडे ते असे बघत होते, की जणू उंच शिडीवर आहेत आणि पायाखालची पायरी निसटली आहे. तिच्या मनात एक काळा विचार सर्रकन येऊन गेला. बाबांना हे घर नकोच आहे का? माझ्यावर बालंट येतंय आणि हे गप्प?

"बाबा!"

त्यांनी उजवा हात बाहेर काढला. पेन उचललं. पेनाचं टोक टेबलाच्या काचेवर वाजू लागलं. टक, टक, टक, टक. थांबेचना. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं, तरी थांबेना. शेवटी पेन खाली ठेवून त्यांनी शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला, उलगडला आणि दिव्यासमोर धरला. भोकाभोकांतून उजेड आला. उजेडाच्या बारीक ठिपक्यांत बाबांचं नाव. कागद थरथरत होता, नाव थरथरत होतं.

तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. किती वर्षांनी.

"पोरीकडे नका बघू मॅडम. तिला यातलं काहीच ठाऊक नाही," बाबा म्हणाले. "हात असा झाल्याला आठ महिने झाले. पाट्या आता माझा भागीदार रंगवतो, मी नुसता रंग कालवतो. हे कळलं तर माझं नाव अर्जातून काढाल, म्हणून बोललो नाही." मग ते लेकीकडे वळले. "फाइल माझ्या सहीवरच अडली होती, बँकेला उगाच बोल लावत होतीस बाळा. वेळ मला लागत होता. ठिपक्याला ठिपका जोडत, एका सहीला एक तास."