दहा वर्षांची सोय

इंजेक्शनसाठी सासू-सून दर तीन महिन्यांनी कुटुंब नियोजनाच्या दवाखान्यात येत. सकाळी नऊला नंबर लावला की दुपारी दोनला सुटका. सिस्टरला दया आली. "अगं, वर्षाला चार म्हणजे दहा वर्षांत चाळीस हेलपाटे! त्यापेक्षा तांबी बसवून घे. दहा वर्षं इकडे फिरकायलाच नको."

सुनेचा चेहरा पडला. सासू ताडकन उठली. "तांबीबिंबी काही नको हं!"

असल्या सासवा सिस्टरने पुष्कळ पाहिल्या होत्या. "मावशी, तीन नातवंडं झाली, आणखी किती हवीत?"



"नातवंडं पुरे झाली हो! पण हेलपाटेच थांबले तर आम्हा दोघींना घराबाहेर कोण सोडेल? दर आठवड्याचं इंजेक्शन निघालं असेल तर बघा की."