पोह्यांचं निमंत्रण

घुग्घुसच्या बसमध्ये ओळख झालेले पाहुणे तिकिटामागं ईमेलचा पत्ता लिहून देत होते, तेव्हाच बस खड्ड्यात आदळली. शेवटचा आकडा एक की सात, देव जाणे. पण पाहुण्यांचा पोरगा सिमेंट फॅक्टरीत पर्मनंट होता, आणि धनराजची मुलगी आचल लग्नाची.

भद्रावतीचा सायबर कॅफेवाला मिथुन म्हणाला, "भाऊ, दोन्हीवर धाडा. आधी इचारा, तुमीच का म्हनून."

"नुसतं इचारनं बरं दिसते का बे? घरी बोलावनं पडते."

मग घराच्या खाणाखुणांसकट मजकूर गेला: 'आपण तेच नसाल, तर क्षमा करा. पण रविवारी पोहे खायला नक्की या.'

रविवारी सकाळी पाहुणे आले. तोच चेहरा, तीच सफारी. धनराजनं खुशीत सोफ्याचं प्लास्टिक काढलं. आचल पोह्यांचा ट्रे घेऊन पुढच्या खोलीत गेली, अन् मागच्या दारानं मिथुन घुसला.

"भाऊ, उत्तर आलं. आत्ताच छापलं."

'पत्र मिळालं. मी घुग्घुसलाच आहे, आज जमणार नाही. तुम्ही सोबत ज्या दुसऱ्या पत्त्यावर पाठवलं, तो माझा नाही. तिथून कोणी आलं, तर मुलीला समोर आणू नका.'

धनराज धावला. पुढच्या खोलीचं दार आतून बंद होतं. त्या दाराला आतून कडी कधीच नव्हती.

"आचल! बाई, दार उघड!"

आत ट्रे पडला. मग पाहुण्यांचा आवाज आला, अगदी अदबीनं.

"धनराजभाऊ, मी तोच नसेन, तर क्षमा करा."