गाणी ऐकणारा

"श्रीरंग, हॉस्पिटलची सिस्टिम बंद पडलीय. पटकन बघ!" मॅडम त्याच्या खुर्चीमागेच उभ्या राहिल्या.

पडद्यावरचं त्याला हल्ली काहीच दिसत नव्हतं. कळलं तर नोकरी जाईल, म्हणून तो लपवत होता. कॉम्प्युटर इअरफोनमधून त्याला कोड वाचून दाखवायचा. ऑफिसला वाटायचं, हा गाणी ऐकतोय.

घामेजलेली बोटं कीबोर्डवर धावली. एका शॉर्टकटने कोडमधल्या पुढच्या फंक्शनवर उडी, दुसऱ्याने थेट त्याच्या शेवटच्या ब्रॅकेटवर. तिथेच घोळ होता. ब्रॅकेटबाहेर राहिलेली ओळ त्याने दोन बटणं दाबून आत सरकवली.

"झालं मॅडम. ही बघा, ही ओळ," त्याने पडद्यावर बोट ठेवलं.

मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "श्रीरंग," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मॉनिटर मघापासून बंद आहे."