दोन बशांची पंगत

मेहकरहून ताज्या गुळवेलीची जुडी घेऊन आलेल्या सिद्धव्वा आत्याला विजयश्रीनं सकाळीच प्रयोगशाळेतलं सगळं दाखवलं होतं. काचेच्या दोन बशा. दोन्हींत रक्तातल्या पांढऱ्या पेशी, दोन्हींत सारखेच जंतू. पहिलीत गुळवेलीचा अर्क, दुसरीत नुसतं पाणी. अर्क मिळालेल्या पेशी जंतूंवर तुटून पडायच्या, दुसऱ्या नुसत्या बसून राहायच्या. "बिचाऱ्या!" मठाच्या दासोहात, म्हणजे अन्नछत्रात, तीस वर्षं पंगती वाढलेली आत्या हळहळली होती.

दुपारी विजयश्रीनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तिला रडूच फुटलं. दुसऱ्या बशीतल्या पेशीही जंतू फस्त करत होत्या.

"आत्या, संपलं सगळं! अर्क न देताच खायल्यात. म्हंजी गुळवेलीत कायबी न्हाई. माझी तीन वर्षं वाया!"

"कामून रडायलीस? मीच वाढलं की त्यायला. तू चहाला गेलतीस तवा त्या अर्काचे चार थेंब घातले. एका पंगतीत एकीला वाढायचं अन् दुसरीपुढं नुसतं पाणी ठेवायचं, आपल्यात चालतंय व्हय?"

विजयश्री ताडकन उठली. मग किंचाळली आणि आत्याला उचलून गरागरा फिरवलं. पदर, चष्मा, गुळवेलीची जुडी, सगळं उडालं.

"लागू पडतीय आत्या! आपली गुळवेल लागू पडतीय!"

"अगं सोड की गं! समदं सांगू तर दे. तुझ्या त्या मोठ्या मॅडमच्या टेबलावरल्या बारा बशा पण उपाशीच व्हत्या!"