नावाची चिठ्ठी

दरवर्षी धाम नदीच्या काठावर मेळा भरे आणि लोक स्वतः कातलेल्या सुताची गुंडी, म्हणजे लड, नावाची चिठ्ठी बांधून श्रद्धांजली म्हणून ढिगात वाहत. रूपरावजींचं सूत सगळ्यांत बारीक. लोक हातात घेऊन बघत. अठ्ठ्याहत्तर साली मात्र त्यांचा हात थरथरू लागला आणि सूत सुतळीसारखं निघालं. नाव म्हणजे अहंकारच, असं मनाशी म्हणत त्यांनी चिठ्ठी खिशातच ठेवली आणि गुंडी ढिगात सरकवली. कसं हलकं वाटलं. पाठोपाठ त्यांच्या बायकोनं आपली गुंडी ठेवली. तिनं कधीच चिठ्ठी बांधली नव्हती. मेळ्याच्या कार्यकर्त्यानं नेमकी तिचीच, बारीक सुताची, उचलली. “चिठ्ठी नाई, पन हात रूपरावजीचाच हाये.” माणसांनी माना डोलावल्या. “ते सूत इचं हाये,” रूपरावजी म्हणाले. मग आपली जाडीभरडी गुंडी ढिगातून ओढून त्यांनी सगळ्यांदेखत, थरथरत्या बोटांनी, तिला खिशातली चिठ्ठी बांधली.