दुसरा गाल

दरवर्षी हिवाळ्याला निरोप देताना त्याचा पेंढ्याचा पुतळा जळला, की तोंडाला काजळी फासून हान्सेलचं सोंग घेतलेला तरुण द्राक्षमळ्यांच्या त्या गावात मोकाट सुटायचा आणि तावडीत सापडेल त्या बाईच्या गालाचा मुका घेऊन त्यावर काळा डाग उमटवायचा. म्हाताऱ्या आपोलोनियाबाईंसमोर मात्र यंदाचा हान्सेल अदबीने टोपी काढून पुढे गेला. ती अदब त्यांना झोंबली. त्या तडक घरी गेल्या, धुराड्यात बोट घातलं आणि गालावर काळा डाग ओढून चौकातल्या बाकावर ऐटीत येऊन बसल्या.

"अगंबाई! तुला कुणी गं गाठलं?" शेजारच्या गेरलिंडेला वाइनचा ठसकाच लागला.

"हान्सेलने. दुसरं कोण?"

गेरलिंडेने लगेच त्या पोराला हाक मारली. "काय रे, आजीबाईंनाही सोडलं नाहीस?"

"मी? शप्पथ, मी यांच्या वाऱ्यालाही उभा राहिलो नाही!"

बाकाबाकांवर हशा पिकला. आपोलोनियाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या उठणार, एवढ्यात काठी टेकत म्हातारा एबरहार्ट पुढे आला. तरुणपणी तोच हान्सेल व्हायचा.

"पोराला कशाला धरता? मी घेतला मुका."

"मग तुझ्या तोंडाला काजळी कुठाय?" गेरलिंडे सोडते थोडीच!

"दोन प्याले झाले. धुऊन गेली."

तो आपोलोनियाबाईंना खेटून बसला आणि कानाशी पुटपुटला, "तुझ्यापायी चारचौघांत खोटं बोललोय. आता ते खरं करायला हवं. दुसरा गाल कर बघू इकडे."

आपोलोनियाबाईंनी आधी गेरलिंडे बघतेय ना याची खात्री केली, मग गाल पुढे केला.