टोपी

“वाट चुकलात काय?” तळेकरकाकू ओटीवरून लगबगीने उठल्या.

सकाळी त्यांच्या घरगुती खानावळीत चार माणसांचं जेवण सांगून आम्ही फिरायला गेलो होतो. सांगितलेल्या माणसांपुरतीच मासळी त्या आणतात. पण दुपारी किनाऱ्यावर चकचकीत हॉटेल दिसलं आणि आम्ही तिथेच जेवलो. आता मी इथे फक्त विसरलेली टोपी न्यायला आलो होतो.

“ती घेऊनच तर हे तुम्हाला शोधायला गेलेत. गुडघा दुखतो, पण ऐकतील तर ना!”

हॉटेलच्या दारात टोपी उंचावून उभा राहिलेला म्हातारा आठवला. विकायला आलाय असं समजून मी त्याला हातानेच ‘नको’ म्हटलं होतं.

काकूंनी ताटावरचं झाकण काढलं. “बसा, भूक लागली असेल.”

मी हात धुऊन पानावर बसलो.